चुंबकाचे कडे आणि सांधेदुखी

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे धुळे-सोलापूर महामार्गावरील गाव होय. भोवतालच्या शिवारात ऊस, कापूस व मोसंबी. उसाची मोळी डोक्यावर वाहणे, कापसाच्या वेचणीसाठी दिवसभर वाकणे, खुरपणीला तासन् तास उकिडवे बसणे, हे ज्यांचे जीवन आहे त्यांचे गुडघे आणि कंबर चाळिशीतच दुखू लागले तर नवल नाही. अशा गावांतून, बाजारात आणि जत्रेत, चुंबकाची कडी, अंगठ्या, माळा व पट्टे विकले जातात. आपल्या धर्मग्रामांतील अनेक बंधुभगिनींच्या मनगटावरही ती दिसतात. त्यांत खरोखर गुण आहे काय, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. गळ्यात पदक किंवा हाती जपमाळ असणे ही श्रद्धेची खूण आहे. तिच्याकडून कोणी गुडघ्याच्या उपचाराची हमी मागत नाही. कडे विकणारा मात्र विज्ञानाच्या नावाने बोलतो. रक्तात लोह असते, चुंबक ते खेचतो, त्यामुळे रक्ताभिसरण वाढते व दुखणे जाते, असे तो सांगतो. विज्ञानाच्या नावाने केलेला दावा विज्ञानाच्याच कसोटीवर पारखला पाहिजे.

रक्तात लोह आहे हे खरे. परंतु ते खिळ्यातील लोखंडासारखे नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेले असते. प्राणवायूने भरलेल्या रक्ताला चुंबक खेचत नाही, उलट अगदी किंचित दूर सारतो. एमआरआयच्या यंत्रातील चुंबक या कड्याहून कितीतरी पटींनी बलवान असतो. त्यात अर्धा तास पडून राहिलेल्या रुग्णाचे रक्त एका बाजूला गोळा होत नाही. शिवाय कड्यातील चुंबकाचा जोर थोड्याच अंतरावर नाहीसा होतो. मनगटावरचे कडे गुडघ्यापर्यंत कसे पोहोचणार?

ही समजूत काही आजची नाही. व्हिएन्नाच्या वेधशाळेचे प्रमुख माक्सिमिलियन हेल हे येशूसंघीय धर्मगुरू १७७४ च्या सुमारास चुंबक घडवून दुखण्यावर देत असत. त्यांच्याकडूनच ते डॉक्टर मेस्मर यांनी घेतले आणि पुढे पॅरिसमध्ये त्याचा मोठा बोलबाला केला. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. रुग्णाला उपचार होत असल्याची केवळ समजूत करून दिली तरी परिणाम दिसतो, आणि नकळत उपचार केला तर दिसत नाही, असे त्यांना आढळले. विद्वान व सज्जन माणसाचीही फसगत होऊ शकते, हे हेल यांच्या उदाहरणावरून ध्यानात यावे.

अलीकडच्या चाचण्यांविषयी थोडे विस्ताराने सांगतो. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये गुडघा व खुब्याच्या संधिवाताच्या १९४ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. चुंबकाचे कडे घालणाऱ्यांचे दुखणे खोट्या कड्यांपेक्षा काहीसे कमी झाल्याचे तीत दिसले. विक्रेते तिचा दाखला देतात. पण अडचण अशी की कडे खरे की खोटे हे घरी किल्ली चिकटवून पाहिले की कळते, आणि कळले की अपेक्षाच काम करू लागते. पुढे इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आमवाताच्या ७० रुग्णांना चार प्रकारची कडी प्रत्येकी पाच आठवडे घालावयास दिली: बलवान चुंबकाचे, क्षीण चुंबकाचे, चुंबकत्व काढून घेतलेले आणि तांब्याचे. २०१३ साली निष्कर्ष आला. वेदना, सूज, रक्ततपासणी, औषधांची गरज, कशातही अर्थपूर्ण फरक नव्हता.

मग शेजारच्या मावशींना गुण कसा आला? त्या खोटे बोलत नाहीत. सांध्याचे दुखणे चढते आणि उतरते. ते फार वाढले की मनुष्य कडे विकत घेतो. त्यानंतर ते आपोआपच उतरणीला लागणार असते. वेचणी संपते, शरीराला विसावा मिळतो, आणि श्रेय कड्याला जाते.

कड्याने अपाय होत नाही ना, असे विचारले जाते. पैसे जातात, हे तर आहेच. चुंबकाच्या गादीसाठी हजारो रुपये मोजणारेही आहेत. परंतु आम्हांला खरी चिंता वाटते ती दवडलेल्या महिन्यांची. आमवातात पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच सांध्याचे कायमचे नुकसान होऊ शकते, आणि वेळीच औषध सुरू केले तर ते बऱ्याच अंशी टळते. सकाळी उठल्यावर बोटे अर्ध्या तासाहून अधिक आखडलेली राहणे, दोन्ही हातांचे सांधे सुजणे, ही लक्षणे दिसताच आरोग्य केंद्रात अथवा घाटीत दाखवावे. गुडघ्याच्या झिजेवर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणे यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे, आणि त्यास खर्च नाही.

संधिवात, मधुमेह, पक्षाघात बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाने बंदी आहे, हेही वाचकांनी विक्रेत्यास जरूर ऐकवावे.

ज्यांनी कडे घेतलेच आहे त्यांनी ते दागिना म्हणून खुशाल वापरावे. मात्र हृदयात पेसमेकर बसविलेला असल्यास चुंबक छातीपासून किमान वीतभर दूर ठेवावा, आणि एमआरआयच्या खोलीत जाण्यापूर्वी कडे न विसरता काढून ठेवावे.