गेम, व्यसन आणि जुगार : घरात भांडण होण्याआधी यातला फरक समजून घ्या

"पोरगं दिवसभर गेम खेळतंय." श्रीगोंद्याच्या बाजारात, एसटी स्टँडवर, कारखान्याच्या रांगेत, कुठेही विचारा, हे वाक्य ऐकायला मिळेलच. पण या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात. मुलगा मित्रांसोबत तासभर खेळत असेल. त्याला थांबणं जमत नसेल. किंवा तो पैसे लावत असेल. तिन्हीला आपण 'गेम'च म्हणतो आणि तिन्हीवर एकच उपाय करतो : मोबाईल हिसकावून घ्यायचा. मग ज्याला फक्त ओरडा पुरला असता त्याला मार बसतो आणि ज्याला खरी मदत हवी असते तो गप्प बसतो.

चला तर मग, हा गुंता सोडवूया.

१. साधा गेम

बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स, कॅन्डी क्रश, लुडो हे गेम सगळ्यांना माहीत आहेत. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाईलसह ११८ ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा अनेक पालकांना वाटलं की मुलं वाचवण्यासाठी हा निर्णय झाला. खरं तर कारण होतं देशाची सुरक्षा आणि लोकांच्या माहितीची गोपनीयता. पुढे २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने तोच खेळ परत आला, २०२२ मध्ये बंद झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. परत येताना १८ वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. पण मुलाने वडिलांच्या नंबरवरून आणि वडिलांच्या वयावर खातं काढलं, तर ती मर्यादा कुणाला लागणार?

गेम खेळणं वाईट आहे असं मला वाटत नाही. पत्ते, कॅरम, विटीदांडू हेही वेळ घालवायचेच खेळ होते. फरक इतकाच की विटीदांडू अंधार पडला की आपोआप थांबायचा. मोबाईलमधल्या खेळाला अंधार पडत नाही. उलट रोज लॉगिन केलं तर बक्षीस, एक दिवस चुकला तर बक्षीस बुडालं, अशी रचना मुद्दाम केलेली असते.

२. गेमचं व्यसन

जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार आपल्या आजारांच्या यादीत घेतला असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण जास्त खेळतो म्हणजे आजारी, असं ही संघटना म्हणत नाही. तीन गोष्टी बघायच्या :

- खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा यावर ताबा राहिलेला नाही.
- जेवण, झोप, अभ्यास, काम या सगळ्यापेक्षा गेम वरचढ झाला आहे.
- नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच आहे किंवा वाढतंय.

आणि हे सहसा किमान वर्षभर दिसायला हवं. म्हणजे दहावीची परीक्षा संपल्यावर आठवडाभर रात्री जागून खेळणारा मुलगा लगेच व्यसनी ठरत नाही. पण वरच्या तिन्ही गोष्टी घरात दिसत असतील, तर मारून उपयोग नाही. सरकारच्या 'टेली मानस' या मोफत सेवेचा नंबर १४४१६ आहे. तिथे समुपदेशकाशी बोलता येतं.

३. पैशांचा गेम

सगळ्यात जास्त घरं इथे बुडतात. आणि इथे बहुतेक वेळा खेळणारा शाळकरी मुलगा नसतो, कमावता माणूस असतो.

"रमी हा कौशल्याचा खेळ आहे" हे वाक्य जाहिरातीत तुम्ही ऐकलं असेल. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं होतं, त्याचाच हा आधार. पण कौशल्य असलं तरी हिशोब बदलत नाही. समजा, चार जणांनी प्रत्येकी १०० रुपये लावले. ४०० रुपयांतून ॲपने आपला वाटा म्हणून ४० रुपये कापले. जिंकणाऱ्याला मिळाले ३६०. असे दहा डाव झाले की चौघांच्या खिशातून मिळून ४०० रुपये गेलेले असतात, मग डाव कुणीही जिंको. दरवेळी कमावतं ते फक्त ॲप.

हरलेला माणूस थांबत का नाही? कारण मधेमधे जिंकणं होतं. बक्षीस कधी मिळेल हे ठरलेलं नसलं की सवय जास्त घट्ट होते, हे मानसशास्त्रात फार पूर्वीच दिसून आलं आहे. त्यात 'गेलेले पैसे काढून मग बंद करतो' हा विचार. आपल्या तालुक्यात उसाचं बिल असो की लिंबाची पट्टी, पैसा वर्षातून ठरावीक वेळीच हातात येतो. तो एका रात्रीत गेला तर पुढचं बियाणं, खत, मुलीची फी, सगळंच अडतं.

कायदा काय सांगतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. यात पैसे लावायचे सगळे ऑनलाइन गेम बंद, मग कौशल्याचे असोत की नशिबाचे. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या गेमना मात्र परवानगी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं : खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. त्यामुळे "पोलीस मलाच धरतील" या भीतीने गप्प बसू नका. बंदीनंतरही टेलिग्रामवर, लिंकवर असे गेम चालवणारे आहेत. तिथे फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

गावाने काय करायचं?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक सोपी गोष्ट सुरू केली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. आपल्याच जिल्ह्यातल्या, नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिवी दिल्यास ५०० रुपये दंडाचा ठराव केला, तेव्हा त्याची खूप चर्चा झाली. त्याच गावाने संध्याकाळी सात ते नऊ मुलांच्या हातात मोबाईल नको असंही ठरवलं.

वडगावच्या भोंग्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो मोठ्यांनाही लागू आहे. आई मालिका बघतेय, बाबा रील्स बघतायत आणि मुलाला सांगायचं 'अभ्यास कर', हे कुठलंच मूल ऐकत नाही. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधिमंडळात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ गाजला. आपण रमी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. खरंखोटं बाजूला ठेवा, पण त्यावर हसताना आपल्यापैकी किती जणांच्या मोबाईलमध्ये तेच ॲप होतं?

म्हणून आज रात्री मुलाचा मोबाईल तपासण्याआधी घरातल्या मोठ्यांच्या यूपीआयचा तीन महिन्यांचा हिशोब उघडा. साधा गेम असेल तर वेळ ठरवा. व्यसन असेल तर १४४१६. पैसे जात असतील तर ॲप काढा, घरात खरं सांगा आणि हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा एक रुपयाही लावू नका.

तुमच्या गावात असा भोंगा चालेल का? कमेंटमध्ये नक्की सांगा.