अधांतरी थांबण्याची विद्या

हेलिकॉप्टर उडवण्यापेक्षा ते हवेत एका जागी उभं करणं अवघड, हे नाशिककरांना सांगावं लागू नये. इथल्या गांधीनगर विमानतळावर लष्कराचे शिकाऊ वैमानिक याचीच घोकंपट्टी करत असतात. मला या विद्येचं वेड लागलं ते एका माणसामुळे. फली होमी मेजर (मेजर हे आडनाव, हुद्दा नव्हे). रोपवेत अडकलेल्यांना सोडवणारा हा हेलिकॉप्टर वैमानिक पुढे हवाई दलप्रमुख झाला.

13 ऑक्टोबर 1992. हिमाचलातल्या परवाणूचा टिंबर ट्रेल रोपवे. डबा वरच्या स्थानकाशी पोहोचत असताना ओढणारा दोर तुटला आणि डबा मागे घरंगळत येऊन दरीवर लटकला. डब्यातल्या कर्मचाऱ्याने उडी मारली, तो वाचला नाही. आत दहा प्रवासी उरले. दुसऱ्या दिवशी सहारनपूरजवळच्या सरसावा तळावरून एमआय-17 हेलिकॉप्टर आलं. ते चालवत होते ग्रुप कॅप्टन मेजर, 152 हेलिकॉप्टर युनिटचे प्रमुख. सोबत होते लष्कराच्या 1 पॅरा या कमांडो पलटणीचे मेजर इव्हान क्रास्टो.

काही वर्षांपूर्वी मी मुद्दाम परवाणूला गेलो, त्या रोपवेत बसलो. खाली कौशल्या नदीची दरी, डोक्यावर पोलादी दोर. छायाचित्रांवरून कळत नाही ते तिथे कळलं: हेलिकॉप्टरला उभं राहायला जागा होती ती नेमकी त्या दोरांच्या वर.

आता थोडं यंत्राकडे वळतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. वैमानिकाच्या डाव्या हातात कलेक्टिव्ह, उजव्यात सायक्लिक आणि पायांखाली पेडल. कलेक्टिव्ह उचलला की यंत्र वर जातं, पण त्याच क्षणी नाक वळू लागतं. ते पेडलने सावरावं तर यंत्र बाजूला सरकतं. ते सायक्लिकने आवरावं तर उंची ढळते. म्हणजे स्थिर दिसणारं हेलिकॉप्टर क्षणभरही स्थिर नसतं. हात आणि पाय सतत बारीक दुरुस्त्या करत असतात. जमिनीलगत पंख्याचा वारा खालून थोडा आधार देतो. दरीवर तो नाही, म्हणून इंजिनाला जास्त ताकद लावावी लागते. एमआय-17 च्या पंख्याचा व्यास 21 मीटरहून अधिक. इतक्या मोठ्या पंख्याचा झोत थेट डब्यावर आला तर डबाच झोके घेणार. म्हणून उंच थांबायचं. उंच थांबलं की माणसाला खाली-वर करणाऱ्या विंचची तार लांब सोडावी लागते, आणि तार लांब झाली की तिच्यावर लटकलेला माणूस जास्त झुलतो. यातून सुटका नाही, फक्त मधला बिंदू शोधायचा.

त्यात वैमानिकाला खालचं काही दिसत नाही. दारात पालथा पडलेला सहकारी कानात सांगतो: थोडं डावीकडे, आणखी थोडं, थांब. वैमानिकाने त्या आवाजावर विश्वास ठेवायचा. मला वाटतं, सेनापतीपदाची खरी तालीम हीच. स्वतःला न दिसणारी गोष्ट दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायची आणि हात मात्र आपलेच चालवायचे.

क्रास्टो तारेवरून डब्याच्या छतावर उतरले आणि झडपेतून आत शिरले. एकेकाला पट्ट्यात बांधून वर पाठवायला सुरुवात झाली. अंधार पडला तेव्हा काही प्रवासी आतच होते. क्रास्टो वर आले नाहीत, रात्रभर त्यांच्यासोबत डब्यात राहिले. सकाळी एमआय-17 परतलं आणि उरलेले सुटले. दहाच्या दहा वाचले. क्रास्टोंना कीर्तिचक्र मिळालं, मेजर यांना शौर्यचक्र.

बाकीची कारकीर्द भराभर सांगतो. जन्म सिकंदराबादचा, पारशी कुटुंब. डिसेंबर 1967 मध्ये हवाई दलात प्रवेश. पुढे लेहच्या तळाचं नेतृत्व. 2004 च्या त्सुनामीनंतर तिन्ही दलांच्या मदतकार्याचा समन्वय. मग शिलाँगच्या पूर्व हवाई कमांडची धुरा, आणि 31 मार्च 2007 रोजी दलप्रमुखपद. ते पहिलेच हेलिकॉप्टर वैमानिक दलप्रमुख. त्याआधी ही खुर्ची लढाऊ विमानवाल्यांची मानली जाई. नेमणूक झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पारशी दलप्रमुख मात्र ते पहिले नव्हेत. अ‍ॅस्पी इंजिनिअर 1960 मध्येच त्या पदावर बसले होते. (देवळालीच्या पारशी अग्यारीवरून जाताना मला या दोघांची आठवण हटकून येते.) 31 मे 2009 ला मेजर यांनी सूत्रं सोपवली ती नागपूरच्या प्रदीप वसंत नाईक यांच्याकडे.

हेलिकॉप्टरशी जुळलेला आपल्या नाशिकचा धागा तोफखान्यातून आलेला. तोफेचा गोळा कुठे पडला हे हवेतून पाहणाऱ्या वैमानिकांची परंपरा देवळालीच्या तोफखाना शाळेशी जोडलेली. 1 नोव्हेंबर 1986 ला लष्कराचं स्वतंत्र हवाई दळ उभं राहिलं आणि 2003 मध्ये गांधीनगरला त्याची प्रशिक्षण शाळा. इथल्या चेतक-चीता हेलिकॉप्टरांची घरघर आमच्या कानांच्या सवयीची आहे. चीता म्हणजे मूळची फ्रेंच लामा. 1972 मध्ये याच लामाने 12,442 मीटर उंची गाठून विक्रम केला होता. सियाचीनच्या चौक्यांवरून आजारी आणि हिमदंश झालेल्या जवानांना उतरवतं ते हेच छोटं यंत्र. विरळ हवेत तिथे किलो-किलोचा हिशेब करावा लागतो, म्हणून इंधनही मोजूनच घ्यायचं.

एप्रिल 2022 मध्ये झारखंडच्या देवघरजवळ त्रिकूट रोपवे बंद पडला. पुन्हा एमआय-17, पुन्हा दोरांचं जाळं, पुन्हा तारेवरचा माणूस. बरेच जण वाचले, पण वर ओढतानाच हात सुटून माणूस गेला. तीस वर्षांत यंत्रं सुधारली, पण दोर, वारा आणि लांब तार यांचं गणित तेच राहिलं. त्यानंतर दीड महिन्यात, 25 मे रोजी, गांधीनगरला कॅप्टन अभिलाषा बराक यांनी लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून पंख स्वीकारले. त्यांच्यासारख्यांच्या प्रत्येक तुकडीला परवाणू आणि त्रिकूट या दोन्ही मोहिमा शेजारी ठेवून, तारेची लांबी, झोत आणि वारा यांच्या आकड्यांसकट शिकवायला हव्यात असं मला वाटतं. आणि रायगडच्या रोपवेवर किंवा सप्तशृंगगडाच्या ट्रॉलीवर असा प्रसंग आलाच, तर हेलिकॉप्टर कुणी, कुठून आणि किती वेळात बोलवायचं, हे तिथल्या स्थानकाच्या भिंतीवर आजच लिहिलेलं असावं.