अनाथाचा समाचार आणि विधवेचा विसर

नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायातले सत्ताविसावे वचन परदेशातील अनाथालयांत सेवेसाठी जाणाऱ्या ख्रिस्ती स्वयंसेवकांच्या बोलण्यात, त्यांच्या देणगीपत्रकांत आणि त्यांना निरोप देणाऱ्या मंडळ्यांच्या प्रवचनांत हटकून येते. निर्मळ धर्माचरण कशाला म्हणावे, हे सांगताना पत्रलेखक तेथे संकटात सापडलेल्या अनाथांकडे आणि विधवांकडे बोट दाखवतो. त्यांच्यासाठी जे करायचे ते सांगायला मूळ ग्रीकमध्ये ‘एपिस्केप्तोमाई’ हे क्रियापद आले असून जुन्या इंग्रजी भाषांतराने त्याचा अर्थ ‘भेट देणे’ असा केला, तर मराठी बायबलने ‘समाचार घेणे’ हा शब्दप्रयोग पत्करला. ग्रीक शब्दाचा भार नुसत्या भेटीपेक्षा अधिक आहे. त्यात लक्ष ठेवणे, जबाबदारी घेणे ही छटा आहे आणि त्याच कुळातील ‘एपिस्कोपोस’, म्हणजे देखरेख करणारा, या शब्दापासून ‘बिशप’ हा शब्द आला आहे. मराठीत समाचार घेणे म्हणजे आस्थेने विचारपूस करणे आणि खरडपट्टी काढणे असे दोन्ही होते. भाषांतरकारांना दुसरा अर्थ अभिप्रेत नव्हता हे उघड आहे. तरी गेल्या दोन दशकांत संशोधकांनी, सरकारांनी आणि स्वतः ख्रिस्ती संस्थांनीही या सेवेची जी झाडाझडती घेतली, ती पाहता तोही अर्थ अगदीच गैरलागू ठरत नाही.

या वचनातील दुसरी गोष्ट सहसा नजरेतून निसटते. तेथे अनाथ एकटा नाही; त्याच्या शेजारी विधवा आहे. जुन्या करारात अनाथासाठी येणारा ‘यातोम’ हा हिब्रू शब्द मुख्यतः पितृहीन मुलाचा वाचक असून कर्ता पुरुष गेलेल्या घरातील आई आणि मूल या दोघांचा विचार तेथे बहुधा जोडीनेच होतो. याउलट ज्या संस्थेला आपण अनाथालय म्हणतो, तिच्या रचनेत मुलाला खाट मिळते आणि आईला दाराबाहेर थांबावे लागते. परदेशी स्वयंसेवेचा आजचा बराचसा गुंता या एका फरकातून निर्माण झालेला आहे.

अनाथसेवेची ख्रिस्ती परंपरा जुनी आहे आणि तिची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. जर्मनीतील हाले येथे आउगुस्ट हेरमान फ्रांके यांनी 1695 मध्ये सुरू केलेल्या कार्यातून मोठे अनाथालय आणि शाळा उभ्या राहिल्या, आणि त्याच वर्तुळातील धर्मप्रसारक 1706 मध्ये तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे उतरले. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मूळचे प्रशियातील असलेले जॉर्ज म्यूलर यांनी 1836 मध्ये अनाथ मुलांसाठी पहिले घर उघडले, पुढे अ‍ॅशली डाउन या टेकाडावर पाच प्रचंड इमारती उभारल्या आणि 1898 मध्ये मृत्यू येईपर्यंत दहा हजारांहून अधिक मुले सांभाळली; कोणाकडेही थेट देणगी मागायची नाही, केवळ प्रार्थना करायची, हा त्यांचा नेम होता. म्यूलर यांच्याविषयीचे वाचन पंडिता रमाबाईंच्या मनावर खोल ठसले. रमाबाई स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेल्या आणि पुढे एका मुलीसह वैधव्य वाट्याला आलेल्या होत्या. त्यांनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले ते मुख्यतः विधवांसाठी, आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना व स्त्रियांना पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आसरा दिला तो मुक्ती सदनात. याकोबाच्या वचनातील जोडी तेथे एका कुंपणात नांदली, असे म्हणता येईल. मुक्ती सदनात परदेशी मदतनीसही होत्या. त्यांपैकी मिनी अब्रम्स या अमेरिकन बाई 1887 पासून भारतात राहत होत्या आणि रमाबाईंच्या कामात त्या 1898 मध्ये आल्या, तेव्हा त्यांच्या गाठीशी या देशातील दहा वर्षांचा अनुभव होता.

विमानप्रवास स्वस्त झाल्यावर दीर्घ वास्तव्याचे हे गणित पालटले. ‘अल्पकालीन मिशन’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत विशेषतः अमेरिकेतील प्रोटेस्टंट मंडळ्यांत रुजली. तिच्यात मंडळीतील तरुण किंवा कुटुंबे सुट्टीत एखाद्या गरीब देशात जाऊन बांधकाम, आरोग्य तपासणी, बायबलचे वर्ग किंवा मुलांची करमणूक अशी कामे करतात आणि परत येतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांच्या अभ्यासानुसार या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील चर्चचे सुमारे 16 लाख सदस्य दरवर्षी अशा परदेश दौऱ्यांवर जात होते आणि प्रत्यक्ष मुक्काम साधारण आठवडाभराचा असे. सगळे दौरे अनाथालयांकडे जात नसत, पण अनाथालय हे त्यांतले सर्वांत हृदयस्पर्शी ठिकाण होते. जाणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा निखळ असतो, आणि त्यांच्या चांगुलपणाची टवाळी करणारे लेखन फारसे उपयोगाचे नसते. आपल्याकडेही मुलाचा वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करून, खाऊ वाटून, मुलांच्या घोळक्यात छायाचित्र काढून घरी परतणारी कुटुंबे मनाने वाईट नसतात. प्रश्न हेतूचा नाही. त्या हेतूभोवती जी बाजारपेठ आकाराला येते, तिचा आहे.

ती समजून घेण्यासाठी आधी ‘अनाथ’ या शब्दाची व्याख्या पाहावी लागते. युनिसेफ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी, आईवडिलांपैकी एक किंवा दोघेही गमावलेल्या 18 वर्षांखालील मुलाला अनाथ मानतो. या व्याख्येने 2015 मध्ये जगात सुमारे 14 कोटी अनाथ होते, पण दोन्ही पालक गमावलेली मुले त्यांत सुमारे दीड कोटीच होती. उरलेल्यांचे आई किंवा वडील हयात होते. ही व्याख्या मुळात एड्सच्या साथीत कुटुंबांवर आलेला ताण मोजण्यासाठी उपयोगी होती. चर्चच्या व्यासपीठावरून मात्र चौदा कोटींचा आकडा जणू चौदा कोटी मुलांना छप्पर हवे आहे अशा थाटात उच्चारला गेला, आणि जेथे आईला आधार हवा होता तेथे इमारतीचा नकाशा काढला गेला. संस्थांत प्रत्यक्ष राहणाऱ्या मुलांपुरता विचार केला, तरी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने 2009 मध्ये मांडल्याप्रमाणे पाचांपैकी किमान चार मुलांचा निदान एक पालक जिवंत असतो.

कंबोडियाचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. ख्मेर रूजची भीषण राजवट 1979 मध्ये कोसळली, तेव्हा त्या देशात खऱ्या अर्थाने पोरकी झालेली असंख्य मुले होती. पण ती पिढी शतक पालटेपर्यंत प्रौढ झाली होती. तरीही अनाथालये आणि तत्सम निवासी संस्था 2005 मध्ये 154 होत्या, त्या 2010 मध्ये 269 झाल्या. याच काळात वाढला होता तो अंगकोर वाटची मंदिरे पाहायला येणाऱ्या पर्यटकांचा ओघ. अनाथांची संख्या कमी होत असताना अनाथालये पाच वर्षांत पाऊणपटीने वाढावीत, याचे कारण मागणी आणि पुरवठा या रुक्ष शब्दांतच सांगावे लागते. परदेशी पाहुण्याला मुले भेटायला हवी असतात, भेटीतून देणगी येते, देणगीतून संस्था चालते, आणि संस्था रिकामी दिसली तर देणगी आटते. मग खेड्यातील गरीब आईबापांना शाळा, इंग्रजी भाषा आणि तीन वेळचे जेवण यांचे आश्वासन देऊन मुले आणली जातात. आई मूल देते ती त्याला टाकून देण्यासाठी नव्हे, तर वसतिगृहात घालावे तशा भावनेने. कागदावर मात्र ते मूल अनाथ होते. अशा मुलांना इंग्रजीत ‘कागदी अनाथ’ अशा अर्थाचे नाव पडले आहे. नेपाळमध्येही अनाथालयांची गर्दी डोंगराळ गरीब जिल्ह्यांत नसून काठमांडू, पोखरा अशा पर्यटकांच्या वाटेवर दिसून आली.

कंबोडियात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. देश बहुसंख्येने बौद्ध आहे आणि अनेक संस्था परदेशी ख्रिस्ती पैशावर उभ्या असल्यामुळे बौद्ध घरातील मूल प्रार्थना आणि भक्तिगीते यांच्या वातावरणात वाढते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील अनुच्छेद 20 असे सांगतो की, कुटुंबाबाहेर वाढणाऱ्या मुलाची व्यवस्था ठरवताना त्याच्या धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक सातत्याचा विचार व्हावा. श्रद्धेचा साक्षीदार होणे हा ख्रिस्ती माणसाला आपला धर्म वाटतो. पण ज्याचे जेवण आणि शाळा समोरच्यावर अवलंबून आहे, त्या आठ वर्षांच्या मुलाच्या होकाराला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न प्रामाणिक श्रद्धावंतालाही टाळता येण्यासारखा नाही.

मुलाच्या मनावर होणारा परिणाम हा या विषयाचा सर्वांत गाभ्याचा भाग. इंग्रज मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, लहान मुलाला पोटभर अन्नाइतकीच एका स्थिर, ओळखीच्या, प्रेमळ व्यक्तीची गरज असते, असे प्रतिपादन केले; या जडणाऱ्या नात्याला मानसशास्त्रात आसक्तिबंध म्हणतात. पुढे रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळापासूनची सरकारी अनाथालये अभ्यासकांसमोर आली. तेथील 136 बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले आणि इतरांची व्यवस्था पूर्ववत चालू राहिली. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांच्या या बुखारेस्ट प्रकल्पात घरात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि भावनिक वाढ सरस ठरली, आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांना अधिक लाभ झाला. संस्थेत वाढलेल्या काही मुलांत संशोधकांना आणखी एक लक्षण दिसते, ते म्हणजे परक्या माणसाला पाहताच संकोच न करता धावत जाऊन बिलगणे. घरात वाढणारे मूल अनोळखी माणसाला पाहून आईच्या पदराआड जाते. तेच निरोगीपणाचे लक्षण होय. स्वयंसेवक मात्र फाटकातून आत पाऊल टाकताच गळ्यात पडणारी मुले पाहून भारावतो आणि त्या मिठीला आपल्या येण्याचे सार्थक समजतो. दोन आठवड्यांनी तो रडत निरोप घेतो, पुढच्या सोमवारी दुसरा गट येतो आणि मुलाला पुन्हा नव्याने जीव लावावा लागतो.

उतावीळ सेवाभाव कुठवर जाऊ शकतो, हे हैतीमध्ये दिसले. तेथे 12 जानेवारी 2010 रोजी भीषण भूकंप झाला आणि तीन आठवडे उलटण्याच्या आतच अमेरिकेतील बाप्टिस्ट मंडळ्यांचे दहा स्वयंसेवक 33 मुलांना घेऊन डोमिनिकन प्रजासत्ताकाची सीमा ओलांडताना पकडले गेले. तेथे अनाथालय काढण्याचा त्यांचा मनसुबा होता. मुलांना देशाबाहेर नेण्याची आवश्यक कागदपत्रे त्यांच्याजवळ नव्हती, आणि मुलांचे आईबाप हयात असल्याचे पुढे उघड झाले. चांगल्या आयुष्याच्या आशेने त्या पालकांनीच मुले सोपवली होती.

दरम्यान कायदा हळूहळू जागा होत होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2009 मध्ये पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारून, केवळ गरिबी हे मुलाला घरातून हलवण्याचे कारण असू नये, असे म्हटले. ऑस्ट्रेलियात आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने 2017 आणि 2018 मध्ये अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची संसदीय पातळीवर चर्चा झाली. खुद्द अमेरिकेत, निव्वळ गरिबीमुळे मुलाला आईपासून तोडू नये, असा निर्वाळा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बोलावलेल्या परिषदेने 1909 मध्येच दिला होता आणि तेथील अनाथालये पुढे जवळपास नाहीशी झाली. आपल्या मुलांसाठी जी व्यवस्था त्या समाजाने नाकारली, तीच तो इतरांच्या मुलांसाठी देणगी काढून बांधत राहिला, ही विसंगती फार काळ कोणाला खटकली नाही. ब्रिस्टलमधील म्यूलर यांच्या संस्थेनेही विसाव्या शतकाच्या मध्यास त्या प्रचंड इमारती सोडल्या आणि लहान कुटुंबवजा घरांची वाट धरली.

रवांडाने याहून मोठे पाऊल उचलले. 1994 च्या नरसंहारानंतर तेथे अनाथालये वाढली होती. 2012 च्या सुमारास झालेल्या पाहणीत 33 संस्थांत तीन हजारांहून अधिक मुले आढळली आणि सरकारने ती टप्प्याटप्प्याने कुटुंबांत पाठवण्याचे ठरवले. ज्यांचे नातलग सापडले त्यांना नातलगांकडे आणि इतरांना पालक-कुटुंबांकडे देण्यात आले. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनाही याच विचाराची आहे: मुलाला बालगृहात न घालता, एकल पालकाकडे किंवा नातेवाइकांकडे राहू देऊन त्या घराला दरमहा मदत द्यायची. कोविडमध्ये वडील गेलेल्या कितीतरी मुलांच्या आईंना या योजनेचे नाव तेव्हाच कळले.

ख्रिस्ती स्वयंसेवकाला करण्यासारखे काही उरत नाही, असा याचा अर्थ नाही. कंबोडियातच मुलांना घरी परतवण्याचे आणि पालक-कुटुंबे शोधण्याचे काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्था आहेत आणि त्यांना समाजकार्याचे शिक्षण घेतलेली, ख्मेर भाषा शिकण्याची तयारी असलेली, काही वर्षे राहू शकणारी माणसे हवी असतात. हिशेब तपासणे, स्थानिक कर्मचाऱ्यांना अपंग मुलांच्या उपचारपद्धती शिकवणे, देणगीदारांशी पत्रव्यवहार सांभाळणे अशी ती कामे असतात. पुष्कळदा त्यांत स्वयंसेवकाची मुलांशी गाठही पडत नाही आणि मंडळीत दाखवायला छायाचित्र मिळत नाही. जमा झालेला पैसा एखाद्या खेड्यात विधवा आईच्या घराचे छप्पर शाकारण्यासाठी, शाळेला जाण्यासाठी लागणाऱ्या सायकलीसाठी किंवा सावकाराचे कर्ज फेडण्यासाठी खर्च होतो, आणि तिचे मूल रात्री तिच्याच शेजारी झोपते.