गोठ्यातली पदविका

गावात त्याला सगळे ‘डॉक्टर’च म्हणतात. सरकारी कागदावर तो पशुधन पर्यवेक्षक असतो, नाहीतर कृत्रिम रेतन करणारा खासगी सेवादाता. मोटारसायकलला मागे द्रवनत्राचं भांडं बांधलेलं, खांद्याच्या पिशवीत थर्मामीटर, लांब हातमोजे, सुया, जंतुनाशक. डेअरीवर दूध घालायच्या वेळेपासून फोन सुरू होतात. कुणाची म्हैस अडलीय, कुणाच्या गाईची वार पडली नाही, कुणाची कालवड पुन्हा उलटली. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन आहे. त्यातल्या कितीतरी जनावरांना आजारपणात पहिला हात लागतो तो याचा. हा हात तयार कसा होतो, याबद्दल आपल्याकडे फार थोडं लिहिलं गेलंय.

पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेल्या महाविद्यालयापासून त्या शिक्षणाला मोठी परंपरा आहे आणि तिचं कौतुकही होतं. पदविकेची वाट वेगळी. दहावीनंतर दोन वर्षांची दुग्धव्यवस्थापन व पशुसंवर्धन पदविका ग्रामीण महाराष्ट्रातल्या मुलांना गेली अनेक वर्षं ओळखीची आहे. तिच्यामागे नागपूरचं, २००० साली स्थापन झालेलं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. याहून आखूड वाट म्हणजे राष्ट्रीय गोकुळ मिशनमधलं ‘मैत्री’ प्रशिक्षण: एक महिना वर्गात, दोन महिने गोठ्यांवर. इथे येणारी बहुतेक मुलं शेतकऱ्यांच्या घरची. शेणामुताची किळस त्यांना नसते, आणि ती मोठीच जमेची बाजू.

सुरुवात होते ती जनावर धरण्यापासून. मागून अचानक जायचं नाही, आवाज देत जायचं, अंगावर हात ठेवूनच पुढे सरकायचं. खोडा नसेल तर दोर कुठून घ्यायचा, जनावर पाडायचं तर मऊ जागा कुठली, शिंग कुणीकडे राहील. मग ताप बघणं. थर्मामीटर गुदद्वाराच्या भिंतीला टेकला पाहिजे, नुसता शेणात खुपसला तर आकडा खोटा येतो. गाईचं १०१–१०२ अंश फॅरेनहाइट हे नेहमीचं तापमान मुलांना एकदम पाठ होतं. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला नाडी सापडायला मात्र काही दिवस जातात. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरायची आणि घड्याळ बघायचं. निरोगी गाईचं पोट दोन मिनिटांत दोन-तीनदा मुठीला वर ढकलतं. ते ढकलणं एकदा हाताला कळलं की ‘गाय रवंथ करत नाही’ या वाक्याचा अर्थ विद्यार्थ्याला पहिल्यांदा लागतो.

या शिक्षणाचा गाभा मला कृत्रिम रेतनात दिसतो. आधी कत्तलखान्यातून आणलेल्या म्हशीच्या गर्भाशयावर सराव, मग भाकड जनावरांवर. वीर्याची कांडी उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवनत्रात असते. भांड्यातला डबा मानेच्या वर काढायचा नाही. चिमट्याने कांडी उचलायची, झटकायची आणि लगेच ३७ अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवायची. बाहेर काढून कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंब आत गेला तर शुक्राणू मरतात. टोक सरळ कापायचं, तिरकं कापलं तर रेतनाच्या गनवरच्या शीथमध्ये, म्हणजे आवरणात, नीट बसत नाही आणि वीर्य मागे गळतं. थंडीच्या दिवसांत भरलेली गन शर्टाच्या आत, अंगाच्या उबेला धरून गोठ्यापर्यंत न्यायची. इथपर्यंतचं सगळं बघून शिकता येतं.

पुढचं दिसत नाही. डावा हात गुदाशयात, शेण बाहेर काढून झालेलं, आणि बोटं आतड्याच्या पातळ भिंतीतून खाली गर्भाशयाचं मुख शोधताहेत. कोंबडीची मान पिसांवरून चाचपावी तशी कडक, गाठाळ नळी बोटांना लागते. गन आधी वरच्या दिशेने तिरकी सरकवायची, म्हणजे मूत्रमार्गाच्या तोंडात शिरत नाही, आणि मग आडवी करायची. नवखा मुलगा इथे गन ढकलू लागतो. गन ढकलायचीच नसते. आतल्या हाताने मुख उचलून गनवर चढवायचं असतं, एकामागून एक तीन-चार कडी पार होईपर्यंत. शेवटच्या कड्यापलीकडे जेमतेम इंचभर जागा आहे, तिथेच वीर्य सोडायचं, तेही सावकाश. थोडं पुढे गेलं की गर्भाशयाच्या एका शिंगात जातं, मागे राहिलं की वाया. हे शिकणाऱ्या एका मुलाला मी खांद्यापर्यंत हात आत घालून, डोळे मिटून उभा राहिलेला पाहिलंय. शेजारी शिकवणारे सर एकच विचारत होते, “काय लागतंय?” या प्रश्नाचं खरं उत्तर देता येणं म्हणजे ही विद्या येणं.

हात कितीही कसलेला असला तरी वेळ चुकली तर उपयोग नाही. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. चुकलं की पुन्हा २१ दिवस थांबा, आणि तेवढे दिवस भाकड जनावराला वैरण घाला. म्हशीचा मुका माज तर भल्याभल्यांना फसवतो. ओरडणं नाही, दूध थोडं कमी, पहाटे बसल्या जागी काचेसारखा स्वच्छ चिकट सोट. तो दिसतो पहाटे शेण काढणाऱ्या बाईला. म्हणून चांगला सेवादाता गोठ्यावर गेला की आधी घरातल्या बाईला विचारतो, “ताई, सकाळी खाली काय दिसलं?”

ही सेवा गोठ्याच्या दारात नेण्याचं मोठं काम पुण्याजवळ उरुळी कांचनला झालं. निसर्गोपचारासाठी १९४६ मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्यांचे अनुयायी मणिभाई देसाई कायमचे राहिले. तिथल्या आश्रमात मणिभाईंनी गीर गाई सांभाळल्या, १९६७ साली ‘बायफ’ संस्था उभी केली, १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गाय दवाखान्यात आणायची नाही, शिकलेला माणूस गाईकडे जाईल, ही त्यांची दिशा होती. आज खेडोपाडी मोटारसायकलवर फिरणारा तरुण त्याच विचाराचा वारस आहे.

लसीकरण बाहेरून सोपं वाटतं. २०२२ मध्ये लम्पीची साथ पसरली तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची होती. बर्फाचा डबा, प्रत्येक जनावराला वेगळी सुई, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ आकडी क्रमांक, नोंद. सांसर्गिक गर्भपाताची लस तर जिवंत जंतूंची असते. ती फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना, आणि तीही हातमोजे, चष्मा घालूनच, कारण टोचताना सुई स्वतःला लागली तर माणूस आजारी पडतो. हे शिकवताना घाई करणं हा मुलांवर अन्याय आहे.

खरा पेच पुढे आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० ने उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिला. पदविकाधारकाला राज्य सरकारच्या आदेशाने, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, प्राथमिक सेवा करता येते: लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी. गोठ्यावर रात्री अकराला गाय मान टाकून पडलेली असते, व्याल्याला दोन दिवस झालेले, कान थंड. शेतकरी म्हणतो, डॉक्टर, बाटली लावा. दुग्धज्वर असेल तर कॅल्शियमने ती उठेलही. पण शिरेतून ते भरभर गेलं तर हृदय थांबतं. त्या घटकेला तरुणाजवळ कायद्याचं पुस्तक नसतं, समोर रडवेलं घर असतं. शेतकऱ्याला नाही म्हणायचं कसं आणि पशुवैद्याला तातडीने बोलवायचं कसं, हे मला सुई टोचण्याइतकंच शिकवण्याजोगं कौशल्य वाटतं.

एका इंजेक्शनची मजल कुठवर जाते, हे गिधाडांनी दाखवलं. जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक सर्रास टोचलं जायचं. ते अंगात असताना मेलेलं जनावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, आकाशच रिकामं झालं. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात होत्या म्हणून २०१५ मध्ये बाटली ३ मिलिलिटरवर आणली. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. कोणतं औषध हाती धरायचं नाही, हे पदविकेच्या पहिल्या वर्षीच मनावर ठसलं पाहिजे. प्रतिजैविक दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हेही.

मुलींची संख्या या अभ्यासक्रमांत वाढायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ‘उमेद’ अभियानातल्या पशुसखी शेळ्या-कोंबड्यांचं लसीकरण आणि जंतनाशक देणं गावोगावी करतात, आणि घरातल्या बाया त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात. आधीच गोठा सांभाळणाऱ्या हातांना प्रमाणपत्र आणि मोबदला मिळणं हा साधा न्याय आहे. आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला पुरेशी जनावरं यायला हवीत. पंधरा जणांनी एका गाईभोवती उभं राहून बघितलेलं रेतन हे प्रात्यक्षिक नव्हे.

प्रात्यक्षिक परीक्षेत मी एक प्रश्न हमखास ठेवला असता. आजारी जनावर समोर उभं करावं आणि विचारावं: याला तू काय करणार नाहीस, आणि पशुवैद्याला फोनवर काय सांगशील? उत्तरात ताप किती, गाय व्याली कधी, वार पडली का, रवंथ केव्हापासून बंद, शेण कसं, आधी कुणी काय टोचलंय, हे सगळं आलं पाहिजे. आणि गाय उजव्या कुशीवर पडलीय की डाव्या, तेही.