शौकाची गोधडी आणि कारागिराचा दर

दुकानाचे शटर ओढल्यावर रात्री नऊ ते अकरा ही वेळ आम्ही गोधडीसाठी राखून ठेवली आहे. व्यापाराच्या पानावर शौकाची गोष्ट कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु महिनाअखेरीस दुकानाच्या वहीबरोबर आम्ही गोधडीची वहीही लिहितो. या जुलैच्या वहीतून जो धडा मिळाला तो धंद्याचाच आहे. म्हणून हा हिशेब कारागीर बांधवांपुढे मांडत आहोत.

महिन्याचे काम

महिन्यात २२ रात्री बसणे झाले, म्हणजे एकूण ४४ तास. त्यात तीन कामे हाताळली.

पहिले, साडेचार फूट रुंद व सहा फूट लांब अशी एकेरी गोधडी. जूनमध्ये ती अर्धी राहिली होती. उरलेल्या २४ ओळी धावदोऱ्याने घातल्या व चारी बाजूंनी गोट लावला. तास १३.

दुसरे, भाचीच्या बाळाचे तीन फुटी दुपटे. तास १०.

तिसरे काम मनाजवळचे आहे. अम्मीची दोन जुनी लुगडी पेटीत होती. विरलेला भाग कापून काढला, उरलेल्याचे पाच थर केले, कच्चे टाके घालून थर पक्के बसवले आणि १२ ओळी टाकल्या. तास २१. अब्बा रोज येऊन हात फिरवतात आणि कोणते लुगडे कोणत्या ईदचे, ते सांगतात. थंडीपूर्वी ती त्यांच्या खाटेवर गेली पाहिजे. ही गोधडी विकायची नाही, हे सांगायला नकोच.

चूक कुठे झाली

दुपट्याने मात्र आम्हाला फजीत केले. कातरणाच्या पोत्यातला लाल नवा तुकडा छान दिसला म्हणून पांढऱ्याशेजारी लावला. पहिल्याच धुण्यात लाल रंग उतरला व सहा पांढरी ठिगळे गुलाबी झाली. ती उसवून नवी लावावी लागली. त्यात पावसाचे दिवस, दुपटे तीन दिवस वाळेना.

चूक सर्वस्वी आमची. पंचवीस वर्षे कापड हाताळूनही साधी परीक्षा केली नाही. रंगीत तुकड्यावर ओले पांढरे फडके दाबून घासावे. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा बाजूला ठेवावा. दुसरे म्हणजे सुती व टेरिकॉट एकत्र जोडू नये. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, टेरिकॉट आटत नाही. मग गोधडीला चुण्या पडतात. जोडण्यापूर्वी सगळे तुकडे एकदा धुऊन घेतले की हा त्रास टळतो.

दराचा प्रश्न

आता मुख्य मुद्दा. मे महिन्यात एका गिऱ्हाइकाने दुकानात टांगलेली आमची एकेरी गोधडी पाहून आठशे रुपये देऊ केले. आम्ही खुशीत दिली. शौकाचे काम, कातरण घरचे, जे मिळाले तो फायदाच, असे वाटले.

आमच्या गल्लीतल्या एक खाला गोधड्या शिवून घर चालवतात. दर महिन्याला त्या आमच्याकडून कातरण नेतात. जुलैत त्या आल्या, पोते उचलले आणि दारातच थांबल्या. त्यांचे एक ठरलेले काम गेले होते. त्यांचा दर पंधराशे, आणि गिऱ्हाईक म्हणाले होते, ‘टेलरकडे आठशेला मिळते.’

खाला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘‘बेटा, तुझं दुकान आहे. माझं तर हेच दुकान.’’

त्या रात्री आम्ही सुई हातात घेतली नाही, पेन्सिल घेतली. एका गोधडीच्या ५४ ओळी. एका ओळीला २५ मिनिटे, म्हणजे साडेबावीस तास. तुकडे जोडणे व कच्चे टाके आठ तास, गोट तीन तास. एकूण साडेतेहतीस तास. दोरा व गोटाचे कापड १४० रुपये. आठशेतून ते वजा जाता ६६० उरले. तासाला वीस रुपयेही पडत नाहीत! खालांच्या पंधराशेच्या दरातही हाच हिशेब चाळीसच्या आसपास येतो. म्हणजे त्यांचा दर जास्त नव्हता, आमचा दर खोटा होता.

कातरण फुकटचे म्हणून आम्ही मेहनतही फुकट धरली. ज्याचे पोट दुसऱ्या कामावर भरते त्याने कमी भावात माल दिला, तर त्याचे काही जात नाही. परंतु बाजारात तोच भाव ठरतो आणि त्याची किंमत पूर्णवेळ कारागीर मोजतो. हे गोधडीपुरते नाही. भरतकाम, विणकाम, लाकूडकाम, सर्वत्र हेच घडते.

पुढील महिन्याचा बेत

एक, अम्मीच्या लुगड्यांची गोधडी. ४२ ओळी बाकी आहेत. थर जाड असल्याने ओळीला अर्धा तास, म्हणजे २१ तास. अकरा रात्रींत पूर्ण व्हावी.

दोन, सिद्दी पद्धतीने दोन फुटी आसन शिवून पाहणे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, आणि त्यांच्यात मुस्लिम, ख्रिस्ती व हिंदू असे तिन्ही आहेत. तेथील स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. त्या आधी तुकडे जोडून पाट तयार करीत नाहीत. खाली जुनी साडी अंथरून कडेपासून सुरुवात करतात, तुकड्याची कड दुमडून धावदोरा घालीत फिरत फिरत मध्याकडे येतात. जोडणे व शिवणे एकाच टाक्यात होते. चारी कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी पुरी होत नाही, असे त्या मानतात. या पद्धतीत वेळ किती वाचतो, ते वहीत मांडून पाहू.

तीन, कातरण दुकानातच निवडायचे. सुती वेगळ्या पिशवीत, ते खालांसाठी.

चार, गोधडीची मागणी आली तर गिऱ्हाइकाला खालांचे घर दाखवायचे. आमच्या हातची द्यायची वेळ आलीच तर दर त्यांचा, म्हणजे पंधराशे. एक रुपयाही कमी नाही. जुलैत पुरी झालेली एकेरी गोधडी दुकानात टांगली आहे, पण नमुना म्हणून. तिच्यावर चिठ्ठी लावली आहे: ‘शिवून मिळेल, गल्लीत चौकशी करा.’

चिठ्ठी लावून चार दिवस झाले. काल खाला गोटाचे कापड मोजून घेऊन गेल्या, दोन गोधड्यांचे. आमच्या टेलर बांधवांनीही आपापल्या गल्लीत एकदा चौकशी करावी. कातरणाच्या पोत्यामागे कोणाची तरी भाकरी असते.