कमळाच्या टबास माती कोणती?

तुंगार्लीच्या डोंगराखालीं बंगल्यांची वस्ती जसजशी दाट होत गेली, तसतशी तेथील अंगणांतून कमळाच्या टबांची हौसही वाढत गेली. या हौसेपासून शेजारच्या भातकरी शेतकऱ्यांस चार पैसे मिळूं शकतात, असें आमचें मत आहे. तळेगांवच्या बाजूस हरितगृहांतील गुलाबांचा व्यापार ज्या भांडवलावर चालतो, तें सर्वांजवळ नसतें. परंतु कमळास लागणारें मुख्य भांडवल म्हणजे चिकण चिखल, आणि तो ज्याचें भातखाचर आहे त्या प्रत्येकाजवळ आहे. असें असतां आमच्या पाहण्यांत वारंवार येतें तें हें कीं, शेतकऱ्यांचीं मुलें देखील शहरांतून नारळाच्या काथ्याचा भुसा व गांडूळखत यांचें तयार मिश्रण पिशवीनें विकत आणतात, त्यांत कंद लावतात, आणि महिन्याभरांत टबांतील पाणी चहासारखें होऊन कंद कुजून जातो. मग दोष कंद विकणाऱ्याच्या माथीं बसतो. बहुतेक वेळां तो मातीचा असतो. म्हणून मातीचाच विचार येथें करूं.

कुंडींतील गुलाबास किंवा शेवंतीस हलकी, भुसभुशीत, पाणी निथरणारी माती लागते. कारण त्यांच्या मुळांस हवा मातींतूनच मिळावयाची असते. कमळाचा प्रकार निराळा. त्याचे देठ व कंद आंतून नळ्यांनीं पोकळ असतात, आणि पानांनीं घेतलेली हवा त्या नळ्यांवाटे चिखलांतल्या कंदापर्यंत पोहोंचते. (म्हणूनच पानाचा देठ पाण्याखालीं कापूं नये, नळी उघडी पडून पाणी आंत शिरतें.) तेव्हां कमळ मातीकडे हवा मागत नाहीं, आधार व अन्न मागतें. काथ्याचा भुसा या दोन्ही कामीं निरुपयोगी आहे. तो स्वतःच तरंगतो, तो कंदास काय धरून ठेवणार? गांडूळखत एरवीं उत्तम खरें, पण पाण्याखालीं त्याची गोष्ट बदलते. माती पाण्याखालीं गेली कीं एकदोन दिवसांतच तिच्यांतील प्राणवायु संपतो, आणि प्राणवायूवांचून जगणाऱ्या जंतूंचें तेथें राज्य सुरू होतें. सेंद्रिय द्रव्य जितकें अधिक व जितकें कच्चें, तितकें तें जोरानें आंबतें. त्यांतून आम्लें, दलदलीचा वायु आणि सडक्या अंड्यासारखी घाण येणारा वायु निघतो. कोंवळें मूळ त्यांत टिकत नाहीं. खाचरांत कच्चा पाला गाडून लगेच लावणी केली असतां भाताचें रोप कसें पिवळें पडतें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

तुंगार्लीस सहज मिळणारी माती तीन प्रकारची. पहिली डोंगरउतारावरची तांबडी. येथें वर्षास सुमारें ४००० मिलिमीटर, म्हणजे दीडशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. त्या पावसानें चुना व इतर क्षार धुऊन जाऊन लोह मागें राहिलेलें, अशी ही माती. दिसण्यांत सुरेख, आणि बागवानांची आवडती. परंतु टबांत ती एकटी घालूं नये. अन्न धरून ठेवण्याची तिची शक्ति थोडी, आणि पाण्याखालीं तिच्यांतील लोह विरघळून वर येतें. टबाच्या पाण्यावर तेलासारखा तांबूस तवंग दिसला तर काडीनें हालवून पाहावा. त्याचे खपल्यांसारखे तुकडे पडले तर तो तेलाचा नव्हे, लोहाचा समजावा.

दुसरी, भातखाचरांतील करडी-काळसर चिकण माती. कमळास हीच सर्वांत मानवते. तिचा कण बारीक व जड असल्यानें ती पाण्यांत बसून राहते, कंदास घट्ट धरते, आणि खतांतील नत्र आपल्या कणांस चिकटवून ठेवून थोडें थोडें मुळांस देते. तिसरा प्रकार म्हणजे शेततळ्याच्या बुडाचा किंवा ओढ्याकांठचा गाळ. तोही चांगला, मात्र त्यांत वाळू किती व कच्चा पाचोळा किती, हें पाहून घ्यावें. पूर्वेकडील तालुक्यांतील भारी काळी माती चालते खरी, पण गाडीभाडें भरून ती मुद्दाम आणण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

पारख करण्यास प्रयोगशाळा नको. ओली माती अंगठा व तर्जनी यांच्यामध्यें दाबून तिची फीत काढावी. दोन इंच फीत न तुटतां निघाली तर चिकणपणा पुरेसा आहे. दुसरी रीत कांचेच्या बाटलीची. तिसरा हिस्सा माती व वर पाणी घालून ती खूप हालवावी व ठेवून द्यावी. वाळू मिनिटाभरांत तळास बसते, पोयटा कांहीं तासांत, आणि चिकण माती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. वर जें तरंगेल तें सर्व टबांतून काढून टाकावयाचें, असें समजावें.

टब वीस इंच व्यासाचा, सव्वा फूट खोल व बुडास भोंक नसलेला घ्यावा. प्रमाण आम्ही असें ठेवतों: नऊ भाग खाचराची माती आणि एक भाग पूर्ण कुजून मातीसारखें झालेलें शेणखत. हें खत सर्व मातींत न कालवतां तळाच्या थरांतच मिसळावें, म्हणजे तें पाण्यांत उतरून शेवाळ माजवीत नाहीं. एकूण थर सात इंच करावा, पाणी घालून पायानें खाचराप्रमाणें चिखल करावा, आणि पंधरा दिवस तसाच राहूं द्यावा. काठीनें टोंचल्यावर बुडबुडे व घाण येईनाशी झाली कीं कंद आडवा, टोंक वर ठेवून लावावा व वर इंचभर धुतलेली जाड वाळू पसरावी. पाणी प्रथम दोनतीन इंच, पानें उभीं राहिल्यावर सहा इंच. कुमुदासही हीच माती चालते.

लागवड फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चांत उरकावी. कमळास रोज निदान सहा तास ऊन पाहिजे, आणि तुंगार्लीस जूनपासून ढग खालीं उतरले कीं ऊन दिसावयाचें नाहीं. पावसापूर्वीं फूल घेतलें तरच घेतलें. टबाच्या कांठाखालीं एक भोंक पाडून त्यास जाळी लावावी, नाहीं तर पहिल्या मोठ्या सरींत माती अंगणांत येते.

वरखताच्या बाबतींत भातकऱ्यांस नवें कांहीं शिकावयाचें नाहीं. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री लागवडींत युरिया व डीएपी यांची २.७ ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मध्यें चिखलांत खोल खोंचतात. पाण्यावर फेकलेलें नत्र कांहीं उडून जातें, कांहीं वाहून जातें. खोल खोंचलेलें चिकण मातीस धरून राहतें. तीच गोळी टबाच्या कडेस, कंदापासून दूर, चार इंच खोल खोंचावी. उभीं पानें येण्यापूर्वीं देऊं नये. महिन्यास एक पुरे.

आतां मातीच्या हिशेबाकडे येऊं. आमची हयात महसुली दप्तरांत गेल्यानें तो आम्हांस टाळतां येत नाहीं. वर सांगितलेल्या एका टबास सुमारें सव्वा घनफूट माती लागते. शंभर टब विकले तर सव्वाशें घनफूट, म्हणजे सव्वा ब्रास माती शेताबाहेर गेली. एका गुंठ्यावरचा दीड इंच थर उचलल्यासारखेंच तें झालें. आणि खाचराचें सारें बळ याच वरच्या थरांत असतें. ज्या मावळांत १९८७ सालीं प्रसारित झालेलें इंद्रायणी भात पिकतें, तेथें कमळासाठीं खाचर उघडें करणें हा उलटा व्यवहार होय.

शिवाय कायदा आहे. साधी मातीही गौण खनिजांत धरली जाते, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८ (७) अन्वयें विनापरवाना काढलेल्या गौण खनिजावर बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड होऊं शकतो. मातीसह टब विकण्याचा नियमित धंदा आरंभण्यापूर्वीं तहसील कचेरींत विचारणा करावी व उत्तर लेखी घ्यावें. तोंडी उत्तराचा पुढें उपयोग होत नाहीं.

यास्तव खाचराच्या मधोमध फावडें घालूं नये. सर्वांत खालच्या खाचरांत, पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाशीं दरवर्षीं जो गाळ सांचतो, तो एरवींही काढावाच लागतो. स्वतःच्या शेततळ्याचा गाळही तसाच. धरणांतील व तलावांतील गाळ शेतांत नेण्यासाठीं २०१७ सालीं निघालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना वाचकांस ठाऊक आहेच. परंतु तो गाळ शेतासाठीं असतो, टबांतून विकण्यासाठीं नव्हे.

याहून चांगला मार्ग म्हणजे माती मुळींच न विकतां कंद विकावा. टबांत वर्षभरांत कंदांची गर्दी होते व ते दरसाल वेगळे करावेच लागतात. त्या वेळीं टबांतील माती पुन्हां खाचरांत टाकावी आणि गिऱ्हाइकास कंदाबरोबर मातीचें प्रमाण लिहून द्यावें. बियांपासून रोपें होतात खरीं. चीनमधील एका आटलेल्या तळ्यांतील सुमारें १३०० वर्षांचें बीं रुजल्याचें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. पण बियांच्या रोपास मूळ जातीचेंच फूल येईल असा भरंवसा नसतो. विकावयाच्या कंदास दोनतीन पेरें व एक शाबूत टोंक असावें. तें टोंक मोडलें तर पेरावरील दुसरा डोळा फुटण्यास उशीर लागतो. कंद ओल्या चिखलांत लडबडवून, ओल्या गोणपाटांत गुंडाळून त्याच दिवशीं गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावा.