वन्य फळमाशीच्या जीनोममधील चल जनुकीय घटक : पी-घटकाचा प्रवेश

आनुवंशशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीचा 'कॅन्टन-एस' हा वाण 'वन्य प्रकार' म्हणून दाखविला जातो. हे नाव काहीसे फसवे आहे. आज निसर्गातील या माशीच्या बहुतेक सर्व समूहांत आढळणारा 'पी-घटक' या वाणात नाही.

जीनोममध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊ शकणाऱ्या डीएनए-खंडांना चल जनुकीय घटक म्हणतात. मक्यातील अशा घटकांच्या शोधाबद्दल बार्बरा मॅक्लिंटॉक यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. फळमाशीत त्यांचा प्रत्यय आला तो एका विसंगतीतून. वन्य नर आणि प्रयोगशाळेतील जुन्या वाणाची मादी यांच्या संततीत, विशेषतः अधिक तापमानात, वंध्यत्व, उत्परिवर्तने व गुणसूत्रभंग दिसत. उलट संकरात मात्र संतती निरोगी असे. मार्गारेट किडवेल व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये या प्रकाराचे सविस्तर वर्णन केले.

प्रश्न असा होता, की जुन्या वाणांनी बाटलीत राहून हा घटक गमावला, की निसर्गातील माश्यांनी तो नव्याने मिळविला? दोन्ही मतांना समर्थक होते. मेलॅनोगॅस्टरच्या निकटच्या जातींत तेव्हा पी-घटक सापडत नव्हता. १९९० मध्ये मात्र अमेरिका खंडातील ड्रॉसोफिला विलिस्टोनी या दूरच्या जातीतील पी-घटकाशी तुलना झाली, तेव्हा २,९०७ बेसजोड्यांत केवळ एका जागी फरक आढळला. कोट्यवधी वर्षांपूर्वी विभक्त झालेल्या जातींत वंशपरंपरेने एवढे साम्य टिकणे शक्य नाही. घटक एका जातीतून दुसरीत शिरला होता, आणि विसाव्या शतकातच जगभर पसरला होता. जुने वाण हे या आक्रमणापूर्वीच्या जीनोमचे जणू दप्तरच ठरले.

संकराच्या दिशेचे कोडे पुढे २००८ मध्ये उलगडले. पी-घटक असलेली माता अंड्यातून 'पाय-आरएनए' हे लघुरेणू संततीस देते व ते घटकाला आवर घालतात. जुन्या वाणाच्या मातेपाशी ते नसतात. त्यामुळे पित्याकडून आलेला घटक संततीच्या जननपेशींत मोकाट सुटतो. जुन्या वाणाच्या बाटलीत खिडकीतून आलेला एखादा वन्य नर शिरू न देण्याची दक्षता म्हणूनच केवळ शिस्तीपुरती नाही.

ड्रॉसोफिला सिम्युलन्स ही मेलॅनोगॅस्टरची निकटची जात तोवर पी-घटकापासून मुक्त मानली जात होती. तिच्या वन्य समूहांतही तो पसरत असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.